तोरणमाळसाठी घेतलेला तंबू आणि बुडालेले २३,५८० रुपये

पावसाळ्यात घरच्या सहा जणांनी तोरणमाळला मुक्काम करायचा, तर साध्या तंबूने भागणार नाही, हे मला चांगले ठाऊक होते. सातपुड्यावर वारा सुटला की पाऊस आडवा येतो. म्हणून मी आठ जणांचा तंबू निवडला. कारण तंबूवर लिहिलेली माणसे खांद्याला खांदा लावून झोपवलेली असतात, त्यांत सामान धरलेले नसते. विक्रेत्याने लेखी कळवले होते की कापड ३,००० मिलिमीटर जलरोधक आहे (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते), शिवणींवर आतून पट्टी आहे, काठ्या ॲल्युमिनियमच्या आहेत आणि बाहेरचे आवरण जमिनीपर्यंत येते. जळगाव आणि धुळे पालथे घातले, तेव्हा लग्नाचे मांडववाले भेटले, पण असा तंबू ठेवणारे दुकान भेटले नाही. मग फोनवरून मागवण्यावाचून दुसरा मार्ग कोणता होता?

तंबूचे १८,५००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,३३० आणि वाहतुकीचे १,७५० रुपये त्याने आगाऊ मागितले. पैसे पाठवताना मोबाइलवर दुकानाच्या नावाऐवजी एका माणसाचे नाव आले. विचारले, तर "दुकानाच्या खात्याची मर्यादा संपली आहे, हे भावाचे खाते आहे," हे उत्तर तयारच होते. जीएसटी वसूल करणारा व्यापारी तो भावाच्या खात्यात घेतो आणि पावतीवर जीएसटी क्रमांकही छापत नाही, हे आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो. खात्याचे नाव जुळत नसेल, तर पिन टाकू नका.

आलेला तंबू आम्ही गच्चीवर उभारला आणि वरून नळी सोडली. शिवणीवर पट्टीचा पत्ता नव्हता. टाक्याटाक्यातून थेंब उतरले आणि तळाशी पाणी साचले. फायबरची काठी वाकवतानाच उभी चिरली. बाहेरचे आवरण कमरेइतक्या उंचीवरच संपत होते, म्हणजे आडव्या पावसाला दारच उघडे. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवा. माझ्याकडे ते नव्हते आणि विक्रेत्याने नेमके तेच मागितले.

पोलीस ठाण्यात ऐकावे लागले, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा." तक्रार लिहून घ्या म्हटले, तर साहेब बंदोबस्तावर गेल्याचे कळले. बँकेने "पिन तुम्हीच टाकला" म्हणून हात वर केले आणि पोलिसांचा कागद मागितला, जो पोलीस द्यायला तयार नव्हते. माझ्याच पैशांसाठी मी टेबलाटेबलावर उभा, आणि समोरच्या चेहऱ्यावर भाव असा, की पावसात डोंगरावर झोपायची हौस कोणी सांगितली होती! पैसे गेल्याचे कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. ठाण्यातल्या बाकावर वेळ घालवू नका. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हेही मला कोणत्याच टेबलावर कोणी सांगितले नाही.

विक्रेत्याने माझा नंबर ब्लॉक करून टाकला आहे. तंबूचे तेच छायाचित्र आता दुसऱ्या नावाने, १६,९०० रुपयांना फिरत आहे.