विमान कोणतं येणार? कंपनीचं ॲप की येणाऱ्या विमानाचा माग

तिकिटावर 'एअरबस ए३२०निओ' लिहिलेलं असतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. पण काहींना विमानाच्या जातीपेक्षा ते एक विमान हवं असतं, मागच्या बाजूला ज्याचं रजिस्ट्रेशन, म्हणजे गाडीच्या नंबरासारखा त्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक, रंगवलेलं असतं ते. कुणाला खास रंगसंगतीचं विमान गाठायचं असतं, कुणी आजवर बसलेल्या प्रत्येक विमानाची नोंद ठेवतं. कुणाला एवढंच पाहायचं असतं की सीट जुन्या आहेत की बदललेल्या, कारण एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या दोन विमानांतही आतली मांडणी वेगळी असू शकते. अशा माणसापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. एक म्हणजे कंपनीचं स्वतःचं ॲप आणि दुसरा म्हणजे फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या कुठलं विमान कुठे आहे हे दाखवणाऱ्या साइटवर विमानाचा माग काढणं. मी दोन्ही बरीच वर्षं वापरतोय.

कंपनीच्या ॲपची बाजू खरं तर भक्कम असायला हवी. कुठलं विमान कुठल्या फेरीला लावायचं हे ठरतं त्यांच्याच ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये. कुठल्या विमानाची तपासणी कधी आहे आणि रात्री ते कुठे मुक्कामाला असलं पाहिजे, हे सगळं धरून तिथे आखणी होते आणि ऐनवेळी एखादं विमान बिघडलं की ती पुन्हा मांडली जाते. म्हणजे खरी माहिती सगळ्यात आधी त्यांच्याकडेच असते. ती प्रवाशापर्यंत किती पोचते हा वेगळा प्रश्न. युनायटेडसारखी एखादी कंपनी आपलं विमान आत्ता कुठून येतंय हे ॲपमध्येच दाखवते आणि ती सोय खरंच चांगली आहे. पण मी वापरलेल्या बहुतेक ॲपमध्ये फक्त जात दिसते, आणि तीही बऱ्याचदा वेळापत्रक बनवताना लिहिलेली.

माझं मन फिरलं ते एका साध्या गोष्टीमुळे. दिवसाची फ्लाइट होती, आकाश स्वच्छ होतं आणि मी डावीकडची ११ए ही खिडकीची सीट मुद्दाम घेतली होती. ॲपवर ए३२०. गेटवर काचेतून पाहिलं तर समोर बोइंग ७३७-८०० उभं. पुढच्या चाकाच्या झाकणावर रजिस्ट्रेशनची शेवटची अक्षरं स्पष्ट वाचता येत होती, आणि हातातल्या फोनवर ॲप अजून ए३२०च म्हणत होतं. आत जाऊन बसलो तर शेजारी नुसती भिंत. ७३७-८००मध्ये डाव्या बाजूला, पंखाच्या थोडं पुढे, वातानुकूलनाची नळी खालून छताकडे भिंतीतून जाते आणि तिथे एक खिडकी नसते. नेमकी तीच जागा माझ्या वाट्याला आली होती. विमान बदललं याबद्दल तक्रार नाही, ते होतंच. पण बदललं हे त्यांना काही तास आधी माहीत असणार, आणि मला ते गेटच्या काचेतून कळलं. त्या काही तासांत सीट बदलायला भरपूर वेळ होता.

त्यानंतर मी माग काढण्याकडे वळलो. याचं मर्म असं की विमान स्वतःच स्वतःबद्दल सांगत असतं. त्याच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे त्याची ओळख रेडिओवरून पाठवणाऱ्या यंत्राला, २४ बिटांचा स्वतंत्र पत्ता दिलेला असतो आणि तो फ्लाइट नंबराला नाही, त्या विमानाला जोडलेला असतो. १०९० मेगाहर्ट्झवर तो पत्ता सतत प्रसारित होतो आणि जमिनीवरचे रिसीव्हर तो पकडतात. त्यामुळे एकदा विमान हवेत असलं की ते कोणतं, यात शंका उरत नाही.

आता प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो. तुमची फ्लाइट कंपनीच्या मुख्य तळावरून नसून दुसऱ्या गावाहून परत तळाकडे जाणारी असेल, तर काम सोपं आहे. तिथे त्या कंपनीची जादा विमानं सहसा उभी नसतात. जे विमान येतं तेच तास-दीड तासात परत जातं. मग येणाऱ्या फेरीचा नंबर शोधायचा, बहुतेकदा तो तुमच्या नंबराला लागूनच असतो, आणि ती फेरी उडाली की तिचं रजिस्ट्रेशन पाहायचं. लांब पल्ल्याच्या फेरीत तर त्यामुळे आठ-दहा तास आधी उत्तर हातात येतं. मला आठवतंय तितक्या वेळा हे चुकलेलं नाही, अपवाद एकच, आलेलं विमान तिथेच नादुरुस्त झालं तेव्हाचा.

तळावरून निघणाऱ्या फ्लाइटला मात्र जपून. तिथे दहा विमानं उभी असतात आणि कुठलंही लावलं जाऊ शकतं. फ्लाइटरडार२४ काही फ्लाइटना आधीपासून रजिस्ट्रेशन दाखवतं, पण तो नंबर विमानाने स्वतः सांगितलेला नसतो. मी तो आदल्या रात्री पाहतो आणि निघायच्या तीन तास आधी पुन्हा पाहतो. दोन्ही वेळा तोच असेल तर भरवसा ठेवतो.

या दोन साइटमध्ये निवडायचं झालं तर, येणारं विमान एका टिचकीवर हवं असेल तेव्हा फ्लाइटअवेअर सोयीचं. तुमच्या फ्लाइटच्या पानावरून थेट आधीच्या फेरीवर जाता येतं. विशिष्ट विमान गेले काही दिवस कुठे फिरतंय हे पाहायला मी फ्लाइटरडार२४ उघडतो. फुकट वापरातही ७ दिवसांचा इतिहास मिळतो, आणि एखादं विमान दोन दिवस जागचं हललं नसेल तर ते दुरुस्तीत असावं असा अंदाज बांधता येतो. रजिस्ट्रेशन मिळालं की प्लेनस्पॉटर्स या साइटवर त्या विमानाचं वय आणि आधीचे मालकही सापडतात.

दोन ठिकाणी माणूस फसतो. तिकिटावरचा नंबर कोडशेअरचा असेल, म्हणजे नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचं, तर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचा नंबर शोधा. आणि वेळ यूटीसीमध्ये (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) आहे की स्थानिक हे आधी बघा. मध्यरात्रीनंतरच्या एका फ्लाइटसाठी मी भलत्याच दिवसाचं विमान दोन तास पाहत बसलो होतो.

ज्याला हे सगळं करायला वेळ नाही, फक्त गेट आणि उशीर कळला तरी चालतं, त्याने कंपनीच्या ॲपवरच राहावं, गेटची माहिती तिथेच आधी येते. मीही ते काढून टाकलेलं नाही. पण कुठलं विमान येणार हा प्रश्न असेल तर मी येणाऱ्या विमानाकडेच पाहतो. गेल्याच प्रवासात ए३२०च्या जागी ७३७ येतंय हे चार तास आधी दिसलं आणि ११ए सोडून १५ए घेतली.