जळगावच्या उन्हाळ्यात प्लेस्टेशन ५ स्लिम: पीसी असताना घ्यावा का?

प्लेस्टेशन ५ स्लिम म्हणजे सोनीचा कन्सोल, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. सोनीच्या मते ते ५ ते ३५ अंश सेल्सियसमध्ये चालवायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ला टेकतो, तेव्हा दुपारी कूलरच्या खोलीतही पंखा घोंघावतो. टीव्ही कॅबिनेटच्या बंद कप्प्यात ठेवाल तर गरम झाल्याची सूचना येऊन खेळ थांबेल. मागे वीतभर जागा मोकळी सोडा. बाजूचं झाकण काढलं की आत साचलेली धूळ दिसते. तिथे दर दोन महिन्यांनी व्हॅक्यूम फिरवा.

दुसरी डोकेदुखी विजेची. गेम सेव्ह होताना वीज गेली तर डेटा बिघडू शकतो. कन्सोल आणि टीव्हीला १००० व्हीए क्षमतेचा यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा) बरा. तरीही कन्सोल अडकलाच, तर बंद यंत्राचं पॉवर बटण दुसऱ्या बीपपर्यंत दाबून सेफ मोडमध्ये (दुरुस्तीच्या मेनूत) जा, कंट्रोलर केबलने जोडा आणि ‘रीबिल्ड डेटाबेस’ हा पर्याय निवडा, म्हणजे साठवलेल्या माहितीची यादी नव्याने बनते.

घ्यायचा तर डिस्क ड्राइव्हवालाच. खेळून झालेली डिस्क विकता येते. पीसीवर ती सोय जवळपास संपली, पण तिथे ऑनलाइन खेळायला सहसा वेगळी वर्गणी नाही. कॉलेजचं कामही होतं. ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी घरात असेल, तर कन्सोल फक्त सोफ्यावरच्या आरामासाठी. आणि तो आराम आहे, हे खरंच.