काल्पनिक प्रदेश रचताना ‘गावगाडा’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मिठागरांवर जगणारा एक काल्पनिक प्रदेश कादंबरीसाठी उभा करताना नकाशा, राजघराणी आणि देवतांची नावे यांतच माझ्या दोन वह्या भरल्या होत्या. तरीही तिथला माणूस सकाळी उठून कोणाच्या दारी कशासाठी जातो, हे मला सांगता येत नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा जुन्या मराठी खेड्याच्या व्यवस्थेवरचा, १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गावगाडा’ हा ग्रंथ त्यानंतर हाती घेतला, तो गेले आठ महिने टेबलावरच आहे.

पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदार, अलुतेदार (गावाची ठरलेली कामे करणारे कारागीर आणि सेवक) आणि फिरस्त्यांपर्यंत कोणाचे काम काय आणि हक्क कोणता, याचा हिशेब आत्र्यांनी मांडला आहे. लोहाराने फाळ ठोकून दिला म्हणून शेतकरी लगेच पैसे मोजत नाही. सुगीत खळ्यावर रास पडली की लोहाराचे वर्षाचे बलुते धान्याने चुकते होते. मी धान्याच्या जागी मीठ ठेवून पाहिले आणि तिथेच अडले. धान्य कणगीत वर्ष काढते, पण मिठाला पावसाळी हवेत पाणी सुटते. म्हणजे सगळी देणी पहिल्या सरीच्या आत फिटायला हवीत. त्यातून देणी फेडण्याचा सण सुचला, सणातली भांडणे सुचली आणि उशिरा पोचलेल्या न्हाव्याच्या पदरात ओले मीठ पडते, हा कादंबरीतला पहिला जिवंत प्रसंगही हाती लागला. नकाशाची वही मी त्यानंतर उघडलेली नाही.

पुस्तकाची मोठी उणीव मात्र मला उशिरा कळली. आत्रे कुणब्याच्या बाजूने विचार करतात आणि फिरस्त्यांकडे बहुतांशी त्याच्यावरचा भार म्हणून पाहतात. ती नजर नकळत उचलल्यामुळे माझ्या मसुद्यातले भटके झाडून सगळे लबाड निघाले, आणि तेही एका मैत्रिणीने दाखवून दिले तेव्हा लक्षात आले. मग दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) हे दलित आत्मकथन शेजारी ठेवले. आत्र्यांकडे जो हक्क वाटतो, तोच महारवाड्यातून पाहिला की वेठ आणि दारोदार मागून आणलेली भाकरी होतो. न्हाव्याचा प्रसंग मी त्यानंतर त्याच्या बायकोच्या तोंडून पुन्हा लिहिला.

शंभर वर्षांपूर्वीची भाषा सरावाची होईपर्यंत आठवड्याला एक प्रकरण पुरते. जादू, लढाया किंवा दरबार ज्यांना हवे आहेत, त्यांना यात फारसे काही सापडणार नाही.