रूम पार्टनर की अपडाऊनचा सोबती?

जळगावात शिकताना अभ्यासाचा जोडीदार बहुतेक दोनच ठिकाणी मिळतो: खोलीवर, नाहीतर भुसावळ-पाचोऱ्याकडून येणाऱ्या गाडीत. वर्ग आणि विषय दोघांचा एकच, असं धरून चालू.

आकडेमोडीत खोलीवाला सरस. ताळेबंद, इंटिग्रेशन, रासायनिक समीकरणं यांना वही पसरायला जागा लागते, आणि रात्री अकराला अडलं तरी हाकेवर माणूस असतो.

पण मला खटकतं ते नेमकं हेच. तो कायम हाताशी, म्हणून ‘जेवून बसू’. मेस, चहा, मोबाइल करता करता वही उघडते साडेदहाला. तोवर एकाला झोप आलेली, दुसऱ्याला दिवा हवा. त्यात हिवाळ्यातल्या परीक्षा भरताच्या हंगामात. शेतात भरीत-पार्टी ठरली की दोघंही जातात! अमेरिकेतल्या बेरिया कॉलेजवरच्या २००८ च्या अभ्यासात, योगायोगाने वाट्याला आलेल्या रूममेटने व्हिडिओ गेम आणला, तर दुसऱ्याचा अभ्यास घटला आणि पहिल्या सत्राचे गुणही.

भुसावळ ते जळगाव साधारण २५ किलोमीटर, अर्धा तास. गर्दीत वही उघडत नाही, म्हणून सगळं तोंडी. आदल्या रात्री दोघांनी एकाच प्रकरणावर सहा-सहा प्रश्न चिठ्ठीवर काढायचे. जाताना एकाने विचारायचे, येताना दुसऱ्याने. उत्तर सुचेना तर पंधरा सेकंद गप्प राहायचं. लगेच सांगून टाकलं की आठवण्याची मेहनतच होत नाही आणि ‘हो, येत होतं’ असं उगाच वाटतं. अडलेल्यावर फुली, फुलीचे प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा मात्र न बघता आठवून पाहणारे.

गाडी चुकली की त्या दिवसाचं गेलं, हे खरं. पत्त्यांचा डाव बसतो त्या डब्यात तर चढूच नये. गणितांसाठी परतीच्या गाडीआधी लायब्ररीत पाऊण तास काढावा लागतो.

अकाउंट्सवाल्यांनी खोलीवाला धरला तर चूक म्हणवत नाही. इतिहास, प्राणिशास्त्र, कायदा असेल तर माझा कल गाडीकडे. खोली घेऊन झालीच असेल, तर हेच तोंडी प्रश्न रोज ७:१० ते ७:४० गच्चीवर, उभ्यानेच, मोबाइल खाली ठेवून.