उभी बोट की मागवलेली? नव्या शिडाच्या बोटीचा भाव करताना

दर ऑक्टोबरात अ‍ॅनापोलिसला शिडाच्या बोटींचं प्रदर्शन भरतं. मेरीलँड-व्हर्जिनियाकडची आपली दोन-चार मराठी माणसं तिथे हटकून भेटतात. बहुतेक जण बूट काढून बोटी बघतात आणि किंमत विचारून पुन्हा बूट घालतात. गेल्या खेपेला मात्र एक मित्र खरोखरच घ्यायला निघाला होता. डीलरच्या धक्क्यावर तयार उभी असलेली पस्तीस फुटी घ्यावी, की फ्रान्सच्या कारखान्यात हवी तशी बांधून मागवावी, हा त्याचा प्रश्न. त्याला मी सांगितलं ते असं: घासाघीस दोन्हीकडे होते, पण उभ्या बोटीत ती रकमेवर होते आणि मागवलेल्या बोटीत करारावर.

उभ्या बोटीचं आधी बघू, कारण तिथे हातात हुकमाची पानं जास्त असतात. डीलरने ती बहुधा कर्ज काढून आणलेली असते. दर महिन्याला व्याज, धक्क्याचं भाडं, विमा. म्हणजे बोट जितकी जास्त दिवस उभी, तितका डीलर नरम. ती किती दिवस उभी आहे हे त्याला विचारायचीही गरज नाही. बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे वर बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. आयात बोटीवर त्याआधी देशाची खूणही असते. त्यातली शेवटची चार चिन्हं वाचायची. ‘ई४२५’ असेल तर ई म्हणजे मे महिना (ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं मोजत जायचं), ४ म्हणजे २०२४ साल आणि २५ म्हणजे मॉडेलचं वर्ष. मे २०२४ ची बोट २०२५ च्या ऑक्टोबरात ‘अगदी नवीकोरी’ म्हणून दाखवत असतील, तर बोलणी कुठून सुरू करायची ते कळलं. कागदोपत्री ती नवीच असते, पण बॅटऱ्या, सील, पंपाचे रबरी भाग दीड वर्ष जुने झालेले असतात. हमीचा काळ तुमच्या ताब्याच्या तारखेपासून सुरू होईल, हे लेखी घ्या. इंजिनाची हमी वेगळी असते, तीही विचारा.

ऋतूही महत्त्वाचा. एप्रिलमध्ये सगळ्यांनाच पाण्यात उतरायचं असतं, तेव्हा सूट मागणं म्हणजे लग्नसराईत सोनाराशी वाद घालणं. ऑक्टोबर ते जानेवारी हा आपला हंगाम.

पण उभ्या बोटीत एक सापळा आहे आणि त्यावर सूट हे उत्तर नाही. काही गोष्टी नंतर बदलताच येत नाहीत किंवा बदलणं परवडत नाही: कीलची (बोटीच्या तळाखालच्या वजनदार पंखाची) खोली, केबिनची मांडणी, आणि मुख्य शीड डोलकाठीच्या आत गुंडाळलं जातं की बाहेर दुमडलं जातं ते. मेरीलँडच्या चेसापीक उपसागराची सरासरी खोली फक्त एकवीस फुटांच्या आसपास आहे आणि नांगर टाकावासा वाटतो ते आतले ओढे त्याहून उथळ. तिथे खोल कीलची बोट दहा टक्के स्वस्त मिळाली तरी तुम्ही दर शनिवारी चिखलात रुतून बसणार.

मागवलेल्या बोटीत हा प्रश्न नाही, सगळं मनासारखं. पण डीलरचा पैसा कुठे अडकलेला नाही, थांबणारे तुम्ही. म्हणून मूळ किमतीत तो फारसा हलत नाही. शिवाय ती मूळ किंमत फसवी असते. समुद्रमार्गे आणण्याचा खर्च, कील बसवणं, डोलकाठी उभी करणं, तळाचा रंग, प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), नांगर आणि साखळी हे बहुतेक सगळं त्यावर. मी पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा एका डीलरने हे सगळं ‘किरकोळ’ म्हणून सांगितलं होतं. यादी हातात आली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. त्यामुळे पहिल्याच भेटीत ‘पाण्यात उतरवून, शिडं चढवून, चावी हातात’ असा एकच आकडा मागा, आणि त्याच्या खाली ओळीओळीने फोड. मग कोणती ओळ काढायची ते तुम्ही ठरवा. बो थ्रस्टरसाठी (बोटीचं नाक बाजूला ढकलणाऱ्या पंख्यासाठी) बोटीच्या अंगालाच भोक पाडावं लागतं, तो कारखान्यातूनच घ्यावा. प्लॉटर बाहेरून घेतला तरी चालतो.

खरी बोलणी मात्र करारातल्या चार वाक्यांवर. किंमत युरोत की डॉलरमध्ये बांधलेली? मधल्या काळात आयातशुल्क वाढलं तर कोण भरणार? २०२५ मध्ये अमेरिकेने युरोपच्या मालावर शुल्क वाढवलं तेव्हा हे वाक्य किती लाखमोलाचं असतं ते ऑर्डर देऊन बसलेल्यांना कळलं. बोट उशिरा आली तर काय? आणि इसार त्रयस्थ खात्यात राहणार की डीलरच्या खिशात? डीलर बुडाला तर शेवटचा प्रश्नच पहिला ठरतो.

दोन्हीकडे सारखी अशी एक गोष्ट: डीलर रोख सूट देण्याऐवजी सामान देऊ करतो, कारण त्याला ते घाऊक भावात पडतं. लाइफराफ्ट (आणीबाणीचा फुगवायचा तराफा) तुम्ही तशीही घेणारच असाल, तर हरकत नाही. नाहीतर रोखच मागा. मेरीलँडमध्ये बोटीच्या किमतीवर पाच टक्के कर आहे. कराच्या कमाल मर्यादेच्या आत असाल, तर किंमत दहा हजार डॉलरने उतरली की करातले पाचशेही वाचतात. करासाठी डेलावेअरला खरेदी करून बोट मेरीलँडातच ठेवायची, ही युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. बोट जिथे मुख्यतः वापरता तिथला कर लागतो.

नव्या बोटीलाही स्वतंत्र सर्व्हेअर (बोट तपासणारा जाणकार) लावा आणि समुद्रात चालवून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिली बोट उभी असलेलीच घ्यावी, कील जमत असेल तर. मित्रालाही तेच सांगितलं. तो बघायला गेला, कील साडेसहा फुटी निघाली, परत आला. आता दुसऱ्या एका डीलरकडे उथळ कीलवाली उभी आहे. प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेली, व्याज चालू. तिच्यासाठी तो जानेवारीत फोन करणार आहे.