फोल्डिंग लोखंडी घोडी: फरशीवर उत्तम, काळ्या मातीत सांभाळून

घोडी म्हणजे लाकूड टेकवून कापायचा, जोडीने वापरायचा चार पायांचा आधार. कामाच्या जागा बदलणाऱ्या सुताराला ही मिटणारी घोडी सोयीची आहे. मिटली की मोटारसायकलच्या मागे जोडी बांधता येते. सागाच्या तुकड्यांची ठोकून केलेली घोडी जड असते, जागा खाते. पण रंधा मारताना ती हलत नाही आणि ही थोडी हलतेच. रंध्याचं काम जास्त असेल तर लाकडीच बरी. कापायला, रंगवायला, चौकट जुळवायला ही चालते.

खोक्यावरच्या वजनाच्या आकड्याला भुलू नका. तो बहुतेकदा जोडीचा असतो, तोही दोन्हींवर सारख्या वाटलेल्या, न हलणाऱ्या वजनाचा. १८ मिमीची आठ बाय चार प्लाय तीस-पस्तीस किलोच भरते. ते वजन काहीच नाही. पण सागाची तुळई एका टोकाने आदळली की सगळा भार एकाच घोडीवर येतो. आणि माळ्यावरचं काढायला हिच्यावर चढायचं नाही. ही शिडी नव्हे.

खरी मेख खटक्यात आहे. पाय उघडल्यावर मधली पट्टी पूर्ण सरळ होऊन खटका ‘कट्’ वाजला पाहिजे. अर्धवट बसला तर उभं वजन पेलते, पण फळी पुढे ढकलली की पाय आत मिटतो. म्हणून दर वेळी वरच्या पट्टीवर तळवा दाबून आडवं हलवून बघा. भुसा बिजागरीत साचतो आणि खटका अडतो. ब्रशने झाडा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. रिवेटचं भोक लांबट झालं असेल तर हातोडीने ठोकून उपयोग नाही, ती घोडी बाजूला काढा. नट-बोल्टची मिळाली तर तीच घ्या, पान्याने आवळता तरी येते. मिटताना बोटं बिजागरीपासून लांब.

कापताना होणारी चूक एकच, पण महागाची. दोन घोड्यांच्या मधोमध आडवा काप घेतला की फळी खाली लचकते, फट मिटते, पातं चिमटतं आणि कटर मशीन उसळून अंगावर येतं. तुकडा सुटायचा तो घोडीच्या बाहेरच्या बाजूला सुटू द्या. मोठी प्लाय असेल तर दोन्ही घोड्यांवर लांब पट्ट्या आडव्या टाका, म्हणजे कापल्यावर दोन्ही भागांना आधार राहतो. पातं प्लायच्या खाली ३ ते ६ मिमीच उतरेल इतकं ठेवा. घोडीच्या लोखंडी माथ्यावर स्वस्त लाकडाची पट्टी स्क्रूने बसवा. स्क्रू बाजूने, पात्याच्या वाटेत नको.

आता आपल्याकडची जमीन. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततो आणि एकच रुतला तरी सगळी घोडी कलते. उन्हाळ्यात त्याच मातीला पाय अडकतील अशा भेगा. एका बाजूच्या दोन्ही पायांखाली मिळून एकच प्लायची पट्टी टाका. विटेचा तुकडा सरकतो, फुटतो. शहाबादी फरशीवर भुसा पडला की घोडीच्या पायाला बसवलेला रबरी बूटही घसरतो, मधूनमधून झाडून घ्यावं लागतं.

मे महिन्यात भुसावळकडचं ऊन लागून लोखंडी माथ्याला हात लावता येत नाही आणि बूट हळूहळू भेगाळतात. सुटे बूट त्याच मापाचे मिळतात का, हे घेतानाच दुकानदाराला विचारा. पाय पोकळ पाइपचे आहेत. बूट गेला की पाइपची उघडी धार फरशी ओरबाडते आणि मातीत सरळ शिरते.