१९६४ ची फोर्ड एफ-१००, मूळच्या हबकॅप आणि नव्या रिम: सात महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात बसवलेल्या रिमवर आता सात महिने आणि साधारण २,६०० मैल झाले. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ही पिकअप गाडी गॅरेजात जाते, ती थेट वसंतातच बाहेर येते. म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय.

गाडी आमच्या गल्लीतल्या एका आजोबांची. ते गेल्यावर आजींनी ती मला विकली, तेव्हा मागच्या हौद्यात एक लाकडी खोकं होतं. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार हबकॅप, म्हणजे चाकाचा मधला भाग झाकणाऱ्या पत्र्याच्या टोप्या होत्या, मधोमध ठसठशीत ‘फोर्ड’ अशी अक्षरं. एकीच्या काठाला अंगठ्याएवढा पोचा. “तो माझा,” आजी म्हणाल्या. गाडी शिकताना त्यांनी चाक फुटपाथच्या कडेला घासलं होतं. गाडीवर मात्र पांढऱ्या स्पोकच्या आठ इंच रुंद रिम आणि जाडजूड टायर चढवलेले. या चार हबकॅप परत चाकांवर बसवायच्या, हे मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

तेव्हा वाटलं होतं, बोल्ट जुळले की काम झालं. या गाडीची पीसीडी (बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) पाच बोल्ट, साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. पाच बोल्टच्या चाकात भोकं समोरासमोर नसतात, त्यामुळे टेप आडवी धरून मोजता येत नाही. शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं आणि १.७०१ ने गुणायचं. माझं अंतर ८२ मिलिमीटरच्या किंचित वर आलं. सांगलीत भावाचं गॅरेज आहे, त्याला फोनवर आकडा सांगितला तर तो म्हणाला, “अरे, ही तर आपल्या जिप्सीची पीसीडी! जुन्या विलीज जीपलाही हीच.” फोर्डनेही ती एफ-१५० ला १९९६ पर्यंत ठेवली होती. म्हणून भंगारातून नव्वदच्या दशकातल्या एफ-१५० च्या चार लोखंडी रिम आणल्या. नट सुरेख बसले, हबकॅप मात्र हातातच राहिली.

छोट्या हबकॅपला धरून ठेवायला रिमच्या मधल्या भागावर, नटांच्या वर्तुळाच्या बाहेर, उंचवटे लागतात. हबकॅपची आत वळलेली कड त्यांच्यावरून ताणून सरकते आणि पलीकडे अडकते. पूर्ण चाक झाकणारी मोठी कव्हरं वेगळी, ती रिमच्या बाहेरच्या भागाला पकडतात. मी आणलेल्या रिमवर असे उंचवटेच नव्हते. स्प्रिंगच्या क्लिपा लावून बघ, असं दोघातिघांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. ताशी पन्नास मैलांच्या वेगात सुटलेली हबकॅप मागच्या माणसाच्या काचेवर जाऊ शकते.

मग गेल्या वर्षी ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी जुन्या गाड्यांच्या मोठ्या बाजारात गेलो. तिथे त्याच काळातल्या चार मूळ रिम मिळाल्या. मी एक हबकॅप पिशवीतून बरोबर नेली होती. ती रिमवर टेकवून तळव्याने ठोसा दिला, ‘टक्’ असा आवाज आला आणि ती जागच्या जागी बसली. तो आवाज अजून कानात आहे. पण घरी आल्यावर दोन अडचणी निघाल्या. एका रिमला टायर टेकतो त्या कडेवर गंजाचे खड्डे होते. टायरवाल्याने ती चढवायला साफ नकार दिला आणि त्याचं बरोबरच होतं. दुसरी अडचण मोठी. १९६४ मध्ये ही गाडी चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन यायची, पण आजोबांनी मागाहून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घातले होते. जुन्या रिमच्या आतल्या बाजूला कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) घासत होता. हबकॅपपायी पुन्हा ड्रमवर जाणं मला मान्य नव्हतं.

शेवटी रिम नव्याने बनवून घेतल्या. १५ इंच व्यास, ६ इंच रुंदी, साडेतीन इंच बॅकस्पेसिंग (हबवर टेकणाऱ्या भागापासून रिमच्या आतल्या काठापर्यंतचं अंतर), डिस्क ब्रेकला पुरेल एवढी आत जागा, आणि जुन्या हबकॅपसाठी उंचवटे. बनवणाऱ्याने हबकॅपचं माप विचारलं, मी बाहेरून मोजून साडेदहा इंच सांगितलं. रिम आल्या, हबकॅप त्यांच्यावर खुळखुळल्या! पकड ठरते ती आतल्या कडेच्या मापावर, आणि ते ना त्यांनी विचारलं, ना मी दिलं. परत पाठवण्याचा खर्च माझ्या माथी बसला, त्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या खेपेला रिमबरोबर एक हबकॅपही पाठवली, मग बरोबर काम झालं. कुणी हे करणार असेल तर पहिल्याच दिवशी हबकॅप पाठवा. पीसीडी, रुंदी हे सगळं कागदावर लिहून देता येतं, ती कड देता येत नाही.

पावडर कोटिंगबद्दलही, म्हणजे भुकटी फवारून भट्टीत पक्क्या केलेल्या रंगाबद्दलही सांगायलाच हवं. माझ्या रिमवर नट बसतो त्या खोलगट जागेतही जाड थर होता. असा थर नटाखाली दबतो आणि नट सैल पडतात. मी तिथला आणि हबवर टेकणाऱ्या भागाचा रंग खरवडून काढला, तरी पहिल्या ५० मैलांनंतर दोन नट थोडे फिरले. पुन्हा आवळले, त्यानंतर हललेले नाहीत. उंचवट्यांवरचा थरही बारीक पॉलिश पेपरने कमी केला, नाहीतर हबकॅप चढताना कड फाकली असती.

रस्त्यावर गाडी आता वेगळीच वाटते. २१५/७५ आर १५ टायर घातलेत, मूळच्या ६.७०-१५ च्या उंचीच्या जवळपास जातात. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे रुंद टायरवर पार्किंग करताना खांदे भरून यायचे. आता एका दमात वळते. चौपन्न-पंचावन्नच्या वेगाला स्टिअरिंगमध्ये यायची थरथरही गेली. पावसाळी दिवसांत काढलेल्या लांब फेऱ्यांनंतरसुद्धा रिमवर गंजाचा ठिपका नाही.

हबकॅप एकदाही सुटली नाही. मागची उजवी मात्र चालताना हळूहळू फिरते. उंचवट्याजवळ रिमवर आणि हबकॅपच्या काठावर पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती, तीनशे मैलांत दोन रेघांमध्ये बोटभर अंतर पडलं. पकड चांगली आहे, फक्त अक्षरं तिरकी होतात. काढताना सपाट पट्टीला फडकं गुंडाळतो आणि उंचवट्याच्या अगदी शेजारी जोर देतो. बसवताना आधी एक बाजू अडकवतो, मग समोरच्या काठावर रबरी हातोडा. मधोमध कधीच मारत नाही, पत्रा लगेच चेपतो.

पोचा असलेली हबकॅप पुढे डावीकडे लावली आहे. जूनमध्ये आजींना फेरी मारून आणली, तेव्हा उतरल्यावर त्यांनी वाकून त्या पोच्यावर बोट फिरवलं आणि काही न बोलता घरात गेल्या.

स्टेपनीचं काम राहिलंय. सध्या हर्शीहून आणलेली एक चांगली रिमच स्टेपनीला आहे, पण ती मागच्या ड्रमवरच बसते. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे, असं दुप्पट काम. पाचवी रिम मार्चमध्ये सांगणार आहे, तीही हबकॅप सोबत पाठवूनच.